बांधापलीकडची स्लरी

(दृश्य : गोठ्याची फटी असलेली काँक्रीटची फरशी, अगदी जवळून. खाली काळपट थर.)

या फटींखाली टाकी आहे. आयर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, वेक्सफर्ड काउंटीत, दुभत्या गायी हिवाळा गोठ्यात काढतात. शेण-मूत फटींतून खाली पडतं, गोठा धुतलेलं पाणी त्यात मिसळतं आणि थंडी सरेपर्यंत टाकी काठाला येते. ही स्लरी. आपल्याकडच्या शेतकऱ्याला गोबरगॅसमधून निघणारी स्लरी माहीत आहेच. ही गॅस न काढलेली, म्हणून वासाला उग्र आणि हाताळायला धोक्याची.

इथल्या सरकारी तक्त्यात वर्षानुवर्षे एका दुभत्या गाईमागे आठवड्याला 330 लिटर स्लरी धरली गेली. शंभर गायी असतील तर 16 आठवड्यांत 5 लाख 28 हजार लिटर. वरून पडणारा पाऊस त्यात मोजलेला नाही.

16 आठवडे यासाठी, की वेक्सफर्डमध्ये निदान तेवढी साठवण असलीच पाहिजे असा कायदा आहे. 1 ऑक्टोबरपासून 12 जानेवारीपर्यंत इथे रानात स्लरी टाकायला बंदी असते. त्या दिवसांत गवत फारसं वाढत नाही, पाऊस मात्र पडतच राहतो; तेव्हा टाकलेला नायट्रोजन मुळांना न लागता पाण्याबरोबर खाली जातो. उत्तरेकडच्या कॅव्हन आणि मोनाहन काउंटींत तर 22 आठवड्यांची टाकी लागते.

(दृश्य : मार्चची सकाळ. मातीच्या बांधांवर पिवळी फुललेली झुडपं. गोठ्याची सगळी दारं उघडी. गायी बाहेर.)

आज वारा आहे, म्हणून आज ढवळणी. महिनोन् महिने उभी राहिलेली स्लरी वर साय धरते, तळाला गाळ बसतो. ती एकजीव केल्याशिवाय उपसता येत नाही. ट्रॅक्टरला जोडलेलं ढवळणी यंत्र टाकीत उतरतं, आणि पहिल्या काही मिनिटांत जे वर येतं ते डोळ्यांना दिसत नाही. हायड्रोजन सल्फाइड. थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो. जास्त असेल तर वासाची जाणीवच मरते, आणि माणूस दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला खाली कोसळतो.

म्हणून आधी सगळी जनावरं बाहेर, सगळी दारं उघडी. यंत्र सुरू केलं की निदान 30 मिनिटं कुणीही आत पाऊल टाकायचं नाही. ट्रॅक्टरशेजारी उभा आहे तो शेतकरी घड्याळ बघतोय, ते याचसाठी. सप्टेंबर 2012 मध्ये उत्तर आयर्लंडात अल्स्टर संघाचा रग्बीपटू नेव्हिन स्पेन्स, त्याचा भाऊ आणि वडील, असे तिघे एकाच टाकीत जिवानिशी गेले.

(दृश्य : बादलीत स्लरी. त्यात तरंगणारा हायड्रोमीटर. दांडीवरचे आकडे.)

हे साधन खिशात मावेल एवढं आहे. बादलीत सोडायचं आणि दांडी कितीवर तरंगते ते वाचायचं. स्लरी घट्ट असेल तर दांडी वर राहते, पातळ असेल तर बुडते. गाईच्या स्लरीत 6 टक्के घन भाग असेल तर ती चांगली मानतात. पाणी जास्त शिरलं की खताचा कस उतरतो, टँकरच्या खेपा मात्र तेवढ्याच पडतात. खत म्हणून ती घेणारा शेजारचा शेतकरी हे आधी विचारतो, आणि त्यानं विचारायलाच हवं. तो खत घेतोय, पाणी नाही.

आणि स्लरी खतच आहे. नायट्रोजन आहे, स्फुरद आहे, आणि पालाश तर नायट्रोजनपेक्षाही जास्त. त्यातला बराचसा जहाजानं देशात येणाऱ्या रासायनिक खताच्या पोत्यांतूनही विकत घेता येतो. पण बांधाच्या एका बाजूला तोच माल टाकीतून ओसंडू पाहतोय आणि दुसऱ्या बाजूला बार्लीचं रान त्यासाठी उपाशी आहे. या दोन रानांना जोडणारा व्यवहार हाच आमचा विषय.

(दृश्य : ड्रोनमधून. एका बाजूला हिरवी कुरणं, दुसऱ्या बाजूला नांगरलेलं तपकिरी रान. मध्ये बांध, अरुंद रस्ता.)

आता नियम. हा भाग नीट ऐकावा लागेल, कारण टँकर कुठे जातो हे इथेच ठरतं.

डिसेंबर 1991 मध्ये युरोपनं नायट्रेट निर्देश मंजूर केला. शेतातून पाण्यात उतरणारा नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनचं पाण्यात विरघळणारं रूप, थांबवायचा, हा हेतू. त्याचा कणा एका आकड्यात आहे : जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला 170 किलोपेक्षा जास्त नायट्रोजन नको. काही देशांनी फक्त धोक्याचे पट्टे आखले. आयर्लंडनं पुढे सगळा देशच नियमाखाली घेतला, पण त्याला फार उशीर झाला. 2004 मध्ये युरोपीय न्यायालयानं आयर्लंड या कामात कमी पडल्याचा निकाल दिला आणि पहिला कृती कार्यक्रम 2006 मध्ये आला. गवत इथे वर्षातले बरेच महिने वाढतं, ते नायट्रोजन जास्त उचलतं, असा युक्तिवाद करून आयर्लंडनं अटींसह 250 किलोची सवलतही मिळवली.

मग 31 मार्च 2015 ला युरोपचा दुधाचा कोटा उठला. एकतीस वर्षं किती दूध काढायचं हे वरून ठरत होतं, ते बंधन एका दिवसात गेलं. आयर्लंडमध्ये गायी वाढल्या, जमीन तेवढीच राहिली. 2024 पासून देशाच्या मोठ्या भागात सवलतीची मर्यादा 250 वरून 220 वर आली.

सवलत घेतलेली नाही, त्याला 170 चीच रेघ. आता ती गायींत मोजून बघू. 2023 पासून दुधाच्या उताऱ्यावरून गायींचे तीन गट पाडले : वर्षाला 80, 92 आणि 106 किलो नायट्रोजन. मधल्या गटातली गाय धरली तर हेक्टरी पावणेदोनच्या थोड्या वर गायी बसतात. तिनं शेण कुरणात टाकलं की गोठ्यात, हे बघितलं जात नाही; गाय दावणीला आहे म्हणजे तिचे 92 किलो खात्यावर चढले.

रेघ ओलांडली तर मार्ग तीनच. गायी कमी करा. जमीन भाड्यानं घ्या. पण तीच जमीन बार्लीवाल्यालाही हवी असते आणि भाडं त्याच्या आवाक्याबाहेर जातं. नाहीतर टाकीतली स्लरी शेजाऱ्याला द्या. दिलेला नायट्रोजन तुमच्या खात्यातून उतरतो, त्याच्या खात्यावर चढतो. तिन्हींत हा एकच मार्ग असा आहे की कुणाचं काही जात नाही. आमचं मत विचाराल तर गावातल्या प्रत्येक दूधवाल्यानं आधी बांधापलीकडे बघावं, जमिनीच्या दलालाकडे नंतर.

(दृश्य : टँकर भरतोय. मोठी नळी, पंपाचा आवाज.)

टँकर साधारण 2,500 गॅलनचा, म्हणजे 11 हजार लिटरहून थोडा जास्त. यात नायट्रोजन किती? याचं उत्तर 2022 च्या मार्चमध्ये बदललं. तोवर गाईच्या स्लरीत घनमीटरला 5 किलो नायट्रोजन धरत. नव्या नियमांत तो 2.4 किलो झाला, स्फुरद 0.8 वरून 0.5 वर आला. मोजमाप आता खऱ्याच्या जवळ आलं, यात वाद नाही. पण एखाद्याला 500 किलो नायट्रोजन खात्यातून उतरवायचा असेल तर आधी 100 घनमीटर, म्हणजे नऊ टँकर पुरायचे. आता 208 घनमीटर लागतात. साधारण अठरा टँकर. तेवढ्याच गायी, तेवढंच शेण, आणि रस्त्यावरच्या खेपा दुप्पट. कायदा पातळ-घट्टही पाहत नाही. हायड्रोमीटर काहीही सांगो, कागदावर घनमीटरला 2.4 किलोच. म्हणून अंतर महत्त्वाचं. अठरा टँकर बांधापलीकडे नेणं आणि दूरच्या गावाला नेणं यात डिझेलचा सगळा हिशेब फिरतो. पहिला शोध शेजाऱ्याचाच घ्यायचा, तो यासाठी.

(दृश्य : टँकर अरुंद रस्त्यावरून. शेजारच्या फाटकातून आत वळतो. दोन शेतकरी फाटकाशी बोलताना.)

फाटकाशी उभा आहे तो बार्ली पिकवणारा. या काउंटीची बार्ली माल्टसाठी जाते, बिअर आणि व्हिस्कीच्या कारखान्यांना. त्याच्याकडे जनावर नाही. वर्षानुवर्षं धान्य बाहेर गेलं, शेण आत आलंच नाही. यांच्यात ठरलंय ते असं : ढवळणी आणि वाहतूक देणाऱ्याची, पसरवणी घेणाऱ्याची.

दख्खनच्या पठारावर धनगराचा कळप आपल्या रानात बसवून घेणारा शेतकरी हाच व्यवहार करत आला आहे. जनावर एकाचं, रान दुसऱ्याचं, आणि खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसा. फरक एवढाच, की तिथे खत स्वतःच्या पायांनी रानात येतं.

घेणाऱ्याचेही हात मोकळे नाहीत. त्याची स्वतःची 170 ची रेघ आहेच, आणि दुसरी कुलपं स्फुरदाची. प्रत्येक रानाची माती तपासून स्फुरदाचा निर्देशांक 1 ते 4 मध्ये लावतात. 1 म्हणजे उपाशी, 4 म्हणजे भरलेलं. 4 च्या रानात आणखी स्फुरद टाकण्यात शहाणपण नाही. आज टँकर रस्त्याकडेच्या रानाला चाललाय, कारण तिथला अहवाल 2 सांगतो.

(दृश्य : ड्रिबल बार उघडतो. नळ्यांची रांग जमिनीलगत. मातीवर काळ्या समांतर रेघा.)

हे बघा. पूर्वी टँकरमागे एक ताटली असे. तिच्यावर आपटून स्लरी पंख्यासारखी हवेत उडायची आणि नायट्रोजनचा मोठा वाटा अमोनिया होऊन वाऱ्यावर जायचा. या नळ्या स्लरी थेट मातीला लावतात. हवेशी तोंड कमी, म्हणून खत रानातच राहतं. नांगरटीच्या रानात कायदा दोन पर्याय देतो : अशा नळ्यांनी टाका, नाहीतर टाकल्यापासून 24 तासांत मातीत मिसळा. या शेतकऱ्यानं दोन्ही केलं. टँकर फिरतोय आणि मागून दुसरा ट्रॅक्टर माती उलथत येतोय. त्याला कुणी सक्ती केलेली नाही. पोत्याचा दर माहीत असलेला माणूस नायट्रोजन हवेत जाऊ देत नाही.

रोगाच्या दृष्टीनंही नांगरटीचं रान बरं. दुसऱ्याच्या गोठ्यातली स्लरी स्वतःच्या गुरांच्या कुरणात टाकली तर क्षयासारखा आजार बांध ओलांडून येऊ शकतो. इथे चरायला कुणी येणार नाही.

(दृश्य : रानाच्या कडेचा ओढा. टँकर कडेपासून लांबूनच वळतो.)

चालकानं कडेला पट्टा सोडलाय. वाहत्या पाण्यापासून निदान 5 मीटर, आणि स्लरी टाकायच्या हंगामाच्या पहिल्या व शेवटच्या दोन आठवड्यांत 10 मीटर. तळ्याच्या काठापासून 20. पुढच्या 48 तासांत जोराचा पाऊस सांगितला असेल तर टँकर बाहेर काढायचाच नाही. हा ओढा स्लेनी नदीला मिळतो, स्लेनी वेक्सफर्डच्या खाडीला. दक्षिण आणि आग्नेय आयर्लंडच्या नद्यांत नायट्रोजन जास्त आहे असं देशाची पर्यावरण संस्था सांगत आली आहे, आणि खाड्यांत त्यावर शेवाळ माजतं.

(दृश्य : ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये फोन. चिखलाचं बोट पडद्यावर.)

शेवटची खेप रिकामी झाली, काम मात्र राहिलं. पूर्वी याचा एक छापील तक्ता असायचा, तो भरून कृषी खात्याला पाठवायचा. 2024 पासून नोंद ऑनलाइन, आणि माल हलल्यापासून चार दिवसांच्या आत. देणाऱ्याचा कळप क्रमांक, घेणाऱ्याचा क्रमांक, काय दिलं, किती घनमीटर, कोणत्या तारखेला. कागदावरच बांध ओलांडणारी स्लरी या नोंदीनं बंद व्हावी, हा हेतू. तो रास्त आहे. जो खरोखर टँकर हलवतो, डिझेल जाळतो, त्याचं नाव कागदी व्यवहारांमुळे खराब होत होतं. चार दिवसांची अट जाचक म्हणणारे भेटतात. आम्हाला ती या व्यवहाराची ढाल वाटते.

(दृश्य : बार्लीच्या शेताचं अंगण. धान्याचं कोठार. मोकळ्या जागेवर चुन्यानं आखलेला चौकोन.)

खरी अडचण नोंदीची नाही, वेळेची आहे. दूधवाल्याची टाकी जानेवारीत भरलेली असते, बार्लीवाल्याचं रान मार्चमध्ये तयार होतं, आणि मधले आठवडे स्लरी एकाच बाजूला अडकून पडते. घेणाऱ्याकडे टाकी असेल तर माल आधीच हलवून ठेवता येतो आणि पेरणीच्या दिवशी रस्त्यावर रांग लागत नाही. म्हणूनच खत आयात करणाऱ्या शेतावर साठवण बांधायला सरकारनं 70 टक्के अनुदानाची योजना आणली. ही गोष्ट वीस वर्षं आधी व्हायला हवी होती. सगळी साठवण गाईच्या मालकानं करायची आणि सगळं रान दुसऱ्याचं, असं किती दिवस चालेल?

आखलेला चौकोन त्याच टाकीचा. दोघांचा एक मुद्दा अजून सुटायचा आहे : नव्या टाकीला ढवळणी यंत्र स्वतंत्र घ्यायचं की गोठ्यातलंच आणून वापरायचं. दूधवाला म्हणतो, एकच पुरे. बार्लीवाल्याला ते पटत नाही, कारण दोन्ही टाक्या ढवळायचा वाऱ्याचा दिवस एकच येणार. पेंढ्याचं मात्र ठरलंय. ऑगस्टमध्ये बार्ली कापली की त्याच्या गाठी याच रस्त्यानं, याच फाटकातून उलट गोठ्याकडे जातील, आणि त्यांचा भाव वजनावर धरला जाईल, गाठींच्या संख्येवर नाही.