खरकट्याची बादली आणि बारा मैल

ही झाकणवाली बादली दिसतेय ना, हिच्यात आत्ता वीस-बावीस जणांच्या जेवणातलं उरलेलं आहे. भाताची खरवड, डाळ, कोंबडीची हाडं, चहाचा चोथा आणि तीन आंब्यांच्या कोयी. घरी असतो तर सकाळी घंटागाडीत टाकलं असतं, विषय संपला. पण हे जहाज न्हावाशेवाहून सुटलंय, चाललंय दुबईच्या जेबेल अली बंदराला, तीनेक दिवसांची वाट.

एवढा मोठा समुद्र आहे, द्यायचं फेकून, मासे खातील, असं बऱ्याच जणांना वाटतं. पूर्वी तसंच चालायचं, आणि नुसतं खरकटं नाही, डबे-बाटल्यासुद्धा. मग जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणारा आंतरराष्ट्रीय मार्पोल करार आला, त्यातलं पाचवं परिशिष्ट खास कचऱ्याचं, 31 डिसेंबर 1988 पासून लागू झालं. 2013 पासून ते आणखी कडक केलं, आता सगळ्याच कचऱ्याला बंदी आणि मोजक्या गोष्टींना सूट. खरकट्याला सूट आहे, पण ती मैल मोजून.

इथला मैल म्हणजे समुद्री मैल, 1852 मीटरचा. खरकटं आहे तसं टाकायचं तर किनारा कमीत कमी 12 मैल लांब पाहिजे. ग्राइंडरमधून बारीक केलं, 25 मिलिमीटरच्या जाळीतून जाईल एवढं, तर 3 मैलांवरही चालतं. आणि दोन्ही वेळेला जहाज चालतं पाहिजे, नांगर टाकून उभं असेल तर अजिबात नाही. मेसमनची, म्हणजे जहाजावर जेवण वाढून आवराआवर करणाऱ्याची, खरी वाट लागते ती तिथे, कारण बर्थ, म्हणजे धक्क्यावर जागा, मिळेपर्यंत बंदराबाहेर चार-चार दिवस नांगरावर काढायचे, ऊन मी म्हणतंय, ड्रम भरत चाललाय आणि झाकण उघडलं की जो वास येतो तो व्हिडिओत दाखवता येत नाही हे तुमचं नशीब. कचऱ्यासाठी थंड खोली असलेलं जहाज मिळालं तर चैन.

बरं, परवा अरबी समुद्रात अशीच एक बादली सरळ रेलिंगवरून पाण्यात गेली, कायदेशीरपणे. आज तेच केलं तर गुन्हा. कारण ओमानचं रास अल हद्द हे टोक मागे पडलं आणि आखाताचा स्पेशल एरिया, म्हणजे जास्त कडक नियमांचा पट्टा, सुरू झाला, इथे 1 ऑगस्ट 2008 पासून नियम वेगळे. बारीक केलेलंच टाकायचं आणि तेही 12 मैलांपलीकडे. पर्शियन आखात उथळ आहे, तोंड होर्मुझच्या सामुद्रधुनीचं, अरुंद, आत पडलेलं लवकर बाहेर जात नाही. आपल्या मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरच्या कँटीनलाही साधारण हाच नियम, आणि प्लॅटफॉर्मच्या 500 मीटरच्या आत आलेल्या जहाजालासुद्धा.

पण मैलांपेक्षा जास्त डोक्याला ताप कसला माहितीये? सफरचंदावरचा स्टिकर. सॉसचं फाटलेलं पाकीट. हे खरकट्यात मिसळलं की अख्खी बादली प्लास्टिक धरायची, आणि प्लास्टिक कुठल्याच समुद्रात टाकता येत नाही. म्हणजे बिचारा मेसमन हातमोजे घालून दुसऱ्यांच्या ताटातलं उष्टं चिवडत बसतो, ताटं ठेवून जाणाऱ्याला ते वेगळं काढायला दोन सेकंद लागले असते. हसण्यावारी नेऊ नका, 2019 मध्ये कार्निव्हल या क्रूझ कंपनीला अमेरिकेत 2 कोटी डॉलर भरावे लागले, त्यांनी कबूल केलेल्या गोष्टींत बहामाच्या पाण्यात खरकट्याबरोबर प्लास्टिक टाकल्याचंही होतं.

मग सगळं बंदरात उतरवलं तर? उतरवता येतं, पण पैसे मोजून, आणि परदेशी जहाजाच्या उष्ट्याला बरेच देश घाबरतात. 1957 साली लिस्बनजवळ विमानातलं उरलेलं अन्न डुकरांना घातलं आणि आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग युरोपात पोचला. भीती उगाच नाहीये.

संध्याकाळ झाली. मेसमन ब्रिजला, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, फोन लावतो, किनारा किती? सोळा मैल, चालेल. ग्राइंडर घरघरतो, भात, डाळ, चोथा गेला, हाडंही कुरकुर करत गेली. गार्बेज रेकॉर्ड बुकात तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, कॅटेगरी बी म्हणजे खरकटं, किती घनमीटर, खाली ऑफिसरची सही. हे पुस्तक शेवटच्या नोंदीनंतर 2 वर्षं जपायचं, कुठल्याही बंदरात इन्स्पेक्टर मागू शकतो.

कोयी मात्र ग्राइंडर घेत नाही. त्या तिघी ड्रममध्ये, जेबेल अलीपर्यंत.