फोन कानाला लावलेली नूतन

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय तसा भांडणाचाच. सिनेमातलं गाणं लक्षात राहतं ते कशामुळे? गळ्यामुळे की अभिनयामुळे? माइकसमोर गाणाऱ्यामुळे की पडद्यावर ओठ हलवणाऱ्यामुळे?

गोव्यात हा प्रश्न काढला की निम्मी मंडळी थेट मंगेशीकडे बोट दाखवतात. आणि का दाखवू नये? मास्टर दीनानाथ त्या गावचे, लतादीदी आणि आशाताई त्यांच्या लेकी. फोंड्याच्या बाजारात उभं राहून गळा दुय्यम म्हणायची कोणाची छाती आहे?

तशी पूर्वी ही भानगड नव्हतीच. संगीत नाटकात जो रडायचा तोच गायचा. वन्स मोअर आला तर डोळे पुसून पुन्हा तोच गायचा. आपल्या तियात्रात, म्हणजे कोंकणी नाटकात, आजही पडद्यापुढे येऊन कांतार, म्हणजे गाणं, म्हणणारा स्वतःच्याच गळ्याने म्हणतो, आणि फसला तर शिट्ट्याही त्यालाच. बोलपट आले तेव्हाही असंच होतं. सैगल, शांता आपटे ही माणसं दिसायचीही आणि गायचीही. मग १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा 'धूपछाँव' आला, त्यात पार्श्वगायन आलं, आणि एका माणसाचे दोन झाले. एक गाणारा, एक दिसणारा. दोन झाले की वाटणी आली, आणि वाटणी आली की भांडण आलंच, हे गोव्यातल्या माणसाला मी सांगायला नको.

पहिल्या वाटणीत गाणाऱ्यांच्या पदरात फारसं काही पडलं नाही. १९४९ सालच्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' घ्या. तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र! गाणं रेडिओवर वाजलं, श्रोत्यांची पत्रं आली की ही गाते कोण, आणि मग लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. पत्रं श्रोत्यांची होती, हे मी मुद्दाम सांगतो. फिल्मफेअरनं पार्श्वगायनाला पारितोषिक द्यायला सुरुवात केली ती १९५९ साली, तेही लतादीदींनी समारंभात गायला नकार दिल्यानंतर.

असो. मला खरी गोष्ट सांगायची आहे ती वेगळीच.

फोंडा महालातलं एक गाव. आता तालुका म्हणतात, आम्ही महालच म्हणायचो. देवळाची जत्रा झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी रात्री देवळाच्या आंगणात सिनेमा. पोफळीचे दोन खांब, मध्ये ताणलेलं पांढरं कापड, आणि पणजीहून आणलेलं १६ एमएमचं मशीन. पुढे जागा नाही मिळाली तर कापडाच्या मागे बसायचं. मागून सगळं उलटं दिसतं, नायक डाव्या हातानं जेवतो, पण तिकीट नसल्यामुळे तक्रार कोणाची नव्हती. पोरांच्या हातात खाज्यांच्या पुड्या. खाज्यांत तेव्हा आलं असायचं. हल्ली नुसता गूळ लावतात आणि खाजे म्हणतात. त्यावर एक वेगळं भाषण द्यायला मी तयार आहे.

गावातल्या मुलांनी मारामारीचा पिक्चर सांगितला होता. डब्यातून निघाला 'सुजाता'. बिमल रॉय यांचा, नूतन आणि सुनील दत्त. मुलांची तोंडं उतरली, बायका खूश.

आता दोन माणसांची ओळख करून देतो. एक आमचे मामा. जत्रेच्या नाटकात दर वर्षी काम करणारे. त्यांचं म्हणणं असं की गाणं म्हणजे अभिनयाला लावलेलं तोंडीलावणं. दुसरे पेटीवाले मास्तर. भजनाला पेटी धरायचे, आणि तलत महमूदवर त्यांचा असा जीव की हॉटेलातल्या रेडिओवर तलतचं गाणं लागलं की चहाचा कप खाली ठेवायचे. त्यांच्या मते नट म्हणजे गाण्यावर बसलेली माशी. या दोघांचं भांडण हॉटेलच्या बाकावर कित्येक वर्षं चाललेलं. मिटावं अशी कोणाचीच इच्छा नव्हती, हॉटेलवाल्याची तर मुळीच नाही.

तर सिनेमा सुरू झाला. रिळं बदलताना मध्ये मध्ये थांबायचं, लोक पाय मोकळे करायचे, पुन्हा बसायचे. असं करत करत ते गाणं आलं. 'जलते हैं जिसके लिए.' मजरूह यांचे शब्द, सचिनदेव बर्मन यांची चाल, आवाज तलतचा. मास्तर सावरून बसले. पहिली ओळ अर्धी झाली असेल नसेल, आणि आवाज गेला.

चित्र चालूच. आवाज तेवढा गेला. मशीनमध्ये एक छोटा दिवा असतो, तो फिल्मच्या कडेच्या पट्टीवर उजेड टाकतो आणि त्यातून आवाज निघतो. तो दिवा उडाला होता. मशीनवाला विजेरी घेऊन पिशवीत दुसरा दिवा शोधायला लागला, आणि मशीन बंद करायचं त्याला सुचलंच नाही.

पडद्यावर सुनील दत्त. ओठ हलताहेत, मान हलतेय, आवाज शून्य. एवढा देखणा माणूस, पण काय सांगू! पुढच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, "हो पान खाता मरे!" सगळं आंगण हसायला लागलं. शिट्ट्या, टाळ्या. मास्तर तेवढे खूश. मामांकडे वळून म्हणाले, "पळय तुझो अभिनय!"

तेवढ्यात चित्र बदललं. नूतन आली. फोन कानाला लावलेली नूतन. ती काही बोलत नाही, ओठ हलवत नाही. फक्त ऐकतेय. डोळे भरून आलेत, आणि ऐकतेय.

हसू थांबलं. शिट्टी वाजवणाऱ्या पोराची शिट्टी अर्ध्यात राहिली. कोणीतरी मागून अजून खिदळत होतं, त्याच्यावर माझी आजी खेकसली, "ओगी रावात रे! ती रडटा!" आणि सगळे गप्प. लक्षात घ्या श्रोतेहो, आवाज अजून आलेला नव्हता. ऐकू काहीच येत नव्हतं. सुनील दत्त पुन्हा आला की कुठेतरी खुसखुस व्हायची, आणि नूतन आली की पुन्हा सामसूम. ओठ दिसले की हसू, कान दिसला की शांतता.

गाणं संपलं आणि मग त्या बाबाला दिवा सापडला. लोकांनी गिल्ला केला, परत लाव, परत लाव. त्यानं कुरकुरत रीळ मागे घेतलं, आणि गाणं पहिल्यापासून लागलं. या खेपेला आवाजासकट. तलतचा तो कापरा आवाज देवळाच्या आंगणात, काय वर्णन करू! मामा मास्तरांकडे बघताहेत की हा आता काय म्हणतो. मास्तर एरवी तलत लागला की डोळे मिटायचे. या खेपेला डोळे उघडे. आणि गाणं अर्ध्यावर आल्यावर ते एकदम मोठ्यानं म्हणाले, "आरे, तो तिका फोन करता!"

मंडळी, मास्तरांनी ते गाणं रेडिओवर किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. पेटीवर वाजवायचे. पण सिनेमा कधी पाहिलेला नव्हता. इतकी वर्षं त्यांची समजूत अशी की कोणीतरी एकटा माणूस रात्री खिडकीत बसून स्वतःशी गातोय. पलीकडे कोणी आहे, आणि ती रडतेय, हे त्यांना त्या रात्री कळलं.

मामांनी संधी सोडली नाही. "मागीर इतलीं वर्सां तूं किदें आयकतालो रे?"

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी बाकावर भांडण नव्यानं सुरू झालं, पण विषय बदलला होता. आता दोघे मिळून सुनील दत्तच्या मागे लागले होते. बिचारा! त्याची काही चूक नव्हती.

माझं मत त्या रात्री बनलं. गाणं कानात शिरतं ते गळ्यामुळे, याबद्दल वादच नको. 'अमर भूपाळी' हा १९५१ सालचा बोलपट न पाहिलेली कितीतरी माणसं 'घनश्याम सुंदरा' ऐकत चुलीपुढे बसली, न्हाणीचं पाणी तापवलं, पोरांना शाळेत धाडलं. त्यांना पडद्यावरचं कोणीच माहीत नव्हतं आणि काही अडलं नाही. पण पडद्यामुळे गाण्यात भर पडते ती बहुतेक वेळा ओठांमुळे नसते, ऐकणाऱ्या चेहऱ्यामुळे असते. परत सांगतो, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही: नटानं गाणं म्हणण्यापेक्षा गाणं ऐकलं, की ते आपल्या मनात घर करतं.

नूतनचीच उदाहरणं बघा. १९६३ सालचा 'बंदिनी'. तुरुंगात एक कैदी बाई जातं ओढताना गाते, 'अब के बरस भेज भैया को बाबुल', आवाज आशाताईंचा. नूतन ऐकते. शेवटी सचिनदांचा आवाज येतो, 'मेरे साजन हैं उस पार', तेव्हाही नूतन ऐकते. बाईंना गाता येत नव्हतं असंही नाही. 'सीमा'मध्ये 'मनमोहना बडे झूठे' म्हणताना तिच्या गळ्याच्या शिरा बघा, लतादीदींची तान जणू तिथूनच निघते. जिला इतकं चांगलं गायचं सोंग जमतं, तिला गप्प राहणंही जमतं. आमच्या नाटकांत नेमकं हेच जमत नाही. एकाचं पद चाललं असताना दुसरा आपला फेटा नीट करत उभा असतो.

आता तुम्ही म्हणाल, आणि शम्मी कपूर? बरोबर. शम्मी कपूर कोणाचं ऐकून घेणारा नव्हे. 'तारीफ करूं क्या उसकी' म्हणत तो शिकाऱ्यातून थेट पाण्यात पडतो. पण तो रफीसाहेबांच्या रेकॉर्डिंगला जाऊन बसायचा. कुठली जागा कशी घेतली ते तिथे बघायचा. म्हणजे त्यानं ऐकण्याचं काम आधी उरकून घेतलं होतं.

जाता जाता एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवत नाही. गळा आणि अभिनय यांच्या भांडणात तिसरा वाटेकरी विसरला जातो, तो वाजवणारा. आणि तो फार वेळा आपला गोवेकर होता. पोर्तुगीज काळात चर्चच्या पॅरिश शाळांत स्वरलिपी शिकलेली मुलं मुंबईला गेली आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचे चिक चॉकलेट, शंकर-जयकिशन यांच्याकडचे सेबॅस्टियन डिसोझा. दोन कडव्यांच्या मधले ते व्हायोलिनचे तुकडे कागदावर मांडणारे हे लोक. तबकडीवर त्यांचं नाव कुठेही नाही, 'कामिनी'सारखं खोटंही नाही. आणि हल्लीचे निवेदक नेमके त्याच तुकड्यांवर बोलतात! हवामान सांगतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात. माझ्या हाती सत्ता आली तर गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोलणाऱ्याला दंड लावीन.

तेव्हा आता मी गप्प होतो. पुढचं गाणं 'कागज के फूल' या १९५९ सालच्या चित्रपटातलं. पडद्यावर गुरुदत्त आणि वहिदा रहमान, रिकामा स्टुडिओ, वरून येणारा उजेडाचा झोत, आणि दोघांपैकी एकाचेही ओठ हलत नाहीत. गीत कैफी आझमी, संगीत सचिनदेव बर्मन, गायिका गीता दत्त. 'वक्त ने किया क्या हसीं सितम.'