लेक कुठे गेली? जुन्या चित्रांतल्या आया आणि मुली

मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय "जुन्या चित्रांतल्या आई-मुली: युरोप आणि आपण", आणि मी युरोपपर्यंत पोचते की नाही याची संयोजकांना आत्ताच काळजी लागलीय, चेहऱ्यावर दिसतंय. म्हणून म्हणणं आधीच सांगून टाकते, मग मधेच उठून गेलात तरी चालेल. आई आणि मुलगा हे चित्र आपोआप खपतं. आई आणि मुलगी कुणीतरी अडून बसल्याशिवाय चित्रात येत नाही.

हे डोक्यात शिरलं भाचीला मुलगी झाली तेव्हा. बारशाला वाळे-बिंदल्या सगळेच देतात, म्हटलं आपण जुन्या छापाचं एखादं चित्र फ्रेम करून देऊ, आई-लेकीचं. फ्रेमवाल्याकडे गेले, माणूस भला, त्याने ढिगातून एकेक काढायला सुरुवात केली. यशोदा-कृष्ण. म्हटलं मुलगी हवी. कौसल्या-राम. मुलगी हो! पार्वती-गणपती, अंजनी-मारुती, जिजाऊ-शिवबा, मग परत यशोदा, आधीची लोणीवाली होती, ही पाळण्यावाली. शेवटी वैतागून म्हणाला, ताई, बाळकृष्णच न्या, तान्ही असताना सगळी पोरं सारखीच दिसतात. मी हट्टाला पेटले, तर बिचारा माळ्यावर चढला, धूळ झटकत एक फ्रेम खाली आणली, म्हणाला ही घ्या आई आणि मुलगी, अस्सल रविवर्मा. बघते तर मेनका! हसताय म्हणजे चित्र माहितीये. मेनका तान्ह्या शकुंतलेला पुढे करतेय आणि विश्वामित्र हात आडवा धरून तोंड फिरवून उभे. हे बारशाला न्यायचं! आणि बाप नाही म्हणाला म्हणून आई तरी ठेवून घेते का, तर तीही पोरीला नदीकाठी ठेवून स्वर्गात निघून जाते, सांभाळायला पाखरं. शेवटी मी पाकिटात पैसे घालून दिले, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं ना, तसलं पाकीट.

पण आता गंमत ऐका. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, आणि तिथून बाहेर पडलेलं पहिलं चित्र म्हणून सांगतात ते हेच, शकुंतलेचा जन्म. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या भिंतींवर जी छापील चित्रांची रांग लागली तिची सुरुवात मुलीपासून झाली, पण कुठल्या, तर आईबाप दोघांनाही नको असलेल्या! छापखाना पुढे मळवलीला गेला. लोणावळा लोकलने कार्ला-भाज्याला जाणारे तिथे उतरतात, छापखान्यासाठी कुणी उतरत नाही, १९७२च्या आगीत तो जळाला त्याला आता कोण काय करणार. दादासाहेब फाळक्यांनीही तिथे काही काळ काम केलं. आणि याच फाळक्यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन' काढला तेव्हा स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला पडद्यावर आणलं. कोण म्हणून? कृष्ण म्हणून! घरात मुलगी होती, आणि तिलासुद्धा बाळकृष्णच व्हावं लागलं. माझा फ्रेमवाला अगदीच चुकीचं बोलत नव्हता म्हणायचा.

बरं, रविवर्म्यांना घरात मुलींचं वावडं होतं का? अजिबात नाही. केरळातली ही घराणी मातृवंशीय, वारसा आईकडून चालायचा, त्रावणकोरच्या राजघराण्यात पुढे वंश चालवायला मुली नाहीत म्हणून १९०० साली रविवर्म्यांच्याच दोन नातींना तिथे दत्तक घेतलं. मुलगी नाही तर गादी नाही, असा मामला. आणि स्वतःच्या मुलीचं, महाप्रभेचं, १८९३ साली चित्र काढलं, ते बाबा आले बघ म्हणून दाखवणारं, त्यात तिच्याजवळ कोण आहे? मुलगा. मी या चित्रावर फार वेळा भांडलेय, नवऱ्याशीसुद्धा, त्याचं म्हणणं तेव्हा तो मुलगा समोर होता, काढला. असेल बाबा.

एक मात्र रविवर्म्यांच्या पदरात टाकायला हवं. बडोद्याच्या गायकवाडांच्या संग्रहात सीतेच्या भूमिप्रवेशाचं चित्र आहे, १८८०च्या आसपासचं. तिथे धरणीमाता स्वतः वर आलीय आणि लेकीला कवेत घेऊन खाली निघालीय, राम हात पुढे करतोय पण उशीर झालाय. आपल्याकडची मला माहीत असलेली सगळ्यात जबरदस्त आई-लेक हीच. माहेरी परत न्यायला आलेली आई! पण हेही बारशाला देता येत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत, अख्खा युरोप बाकी आहे, पळवते.

मध्ययुगात, चौदाव्या शतकापासून, एक चित्र फार चाललं: संत आना लेकीला, म्हणजे येशूच्या आईला, मेरीला, वाचायला शिकवतेय. बायबलात ही आना नाहीच, तरी लोकांनी तिला आणली आणि मुलीच्या हातात पुस्तकही दिलं. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात जॉर्ज द ला तूर या फ्रेंच चित्रकाराच्या कार्यशाळेतलं एक आहे, मेणबत्तीच्या उजेडात पोरगी वाचतेय, नक्की बघा, नेटवर दिसतं. याच आनाचं चर्च गोव्यात तळावलीला आहे, जुलैमध्ये काकड्यांचं फेस्त असतं, तिथे मूल हवं असलेले तिला काकडी वाहतात आणि पोर्तुगीज यमकात म्हणतात, काकडी घे, मुलगा दे. जिची सगळी कीर्ती लेकीमुळे तिच्याकडे मुलगा मागायचा, धन्य आहे!

पुढचं चित्र. एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ, पॅरिसची चित्रकर्ती. १७८७च्या प्रदर्शनात तिने आपलं आणि मुलीचं, ज्युलीचं, चित्र लावलं, आणि बोंब कशावरून झाली तर हसताना तिचे दात दिसतात म्हणून! त्याच साली तिनेच काढलेलं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत आणि तिच्या मुलांचं चित्र आहे, त्यात पाळणा रिकामा आहे, राणीची धाकटी मुलगी सोफी जूनमध्ये वारली. दोन वर्षांनी ज्युलीबरोबर अजून एक काढलं, ते लूव्हरमध्ये आहे. पुढे ज्युलीने आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि दोघींचं फाटलं, ती गोष्ट राहू दे, तासभर लागेल.

शेवटची मेरी कॅसॅट, अमेरिकन, पण पॅरिसात राहिली. १८९०ला तिथे जपानी छापील चित्रांचं प्रदर्शन झालं, ते बघून तिने दहा रंगीत चित्रांचा संच छापला, त्यात आई बाळाला न्हाऊ घालतेय तेही आहे. आई-बाळ काढणारी म्हणून तिचं नाव झालं, पण मला तिचं वेगळंच चित्र आवडतं. १८७८च्या सुमाराचं, त्यात तिची स्वतःची आई आहे, नाकावर चष्मा, हातात फिगारो पेपर. मांडीवर कुणी नाही, लेक ब्रश घेऊन समोर बसलीय, आणि आई तिच्याकडे बघतसुद्धा नाही, पेपर वाचतेय. हो हो, थांबते.