स्वेटरमध्ये कोण होतं?

श्रोतेहो, नमस्कार.

आपण म्हणतो, अंगात थंडी भरली. किती सहज म्हणतो! जणू थंडी नावाची काहीतरी चीज बाहेर उभी आहे आणि फट दिसली की आत शिरते. दाराच्या फटीतून गार हवा आत येते, ते खरंच आहे. पण अंगात थंडी भरत नाही. अंगातली उष्णता निघून जाते आणि त्या जाण्याला आपण थंडी म्हणतो. पुन्हा सांगतो, कारण आजचं सगळं बोलणं याच्यावर उभं आहे: थंडी येत नाही, उष्णता जाते. ती नेहमी जास्त गरम वस्तूकडून कमी गरम वस्तूकडे जाते, आणि दोन्हींचं तापमान सारखं झालं की थांबते.

एवढं वाक्य पुस्तकात असतं, मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि मार्कही मिळवतात. पण ते पटलेलं असतं का? मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं, आणि या प्रश्नाचं उत्तर मला सातवीच्या एका वर्गात मिळालं. ती गोष्ट तुम्हाला सांगतो.

त्या दिवशी मी वर्गात बर्फाचे दोन खडे नेले होते, एकाच साच्यातले, एकसारखे. एक उघड्या ताटलीत ठेवला. दुसरा एका पातळ पिशवीत घातला आणि ती पिशवी जाड लोकरीच्या स्वेटरमध्ये नीट गुंडाळली, दोन्ही बाह्यांची गाठ मारून. मग विचारलं, आधी कोणता वितळेल?

जवळजवळ सगळे हात स्वेटरच्या बाजूने वर गेले. पहिल्या बाकावरचा एक मुलगा तर उभाच राहिला. म्हणाला, "सर, यात विचारायचं काय? स्वेटर गरम असतो. बर्फ पाच मिनिटांत संपेल." उघडा बर्फ आधी वितळेल म्हणणारे फक्त तिघे होते, आणि का ते त्यांनाही सांगता येईना.

तास संपायच्या पाच मिनिटं आधी मी ताटली सगळ्यांना दाखवली. तिच्यात पाणी होतं, आणि मधोमध नखाएवढा पातळ तुकडा तरंगत होता. मग गाठ सोडली. स्वेटर उलगडताना वर्ग इतका गप्प होता की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. पिशवीतला खडा कडेने थोडा गोल झाला होता, बस्स. हातात घेतला तर बोटांना चिकटला.

तो मुलगा काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत मात्र माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, बर्फाचं वेगळं असेल. स्वेटर आतून गरमच असतो, मी रोज घालतो ना." मला त्याचं फार बरं वाटलं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर 'सर म्हणतात म्हणजे तसंच' म्हणून मोकळा झाला असता. मी त्याला प्रयोगशाळेतले दोन तापमापक दिले आणि म्हटलं, तूच बघ.

त्याने एक तापमापक स्वेटरमध्ये गुंडाळला, दुसरा शेजारी टेबलावर उघडा ठेवला आणि रात्रभर तसेच राहू दिले. सकाळी प्रार्थनेच्या आधी आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. उघडा, सव्वीस अंश. स्वेटरमधला, सव्वीस अंश. तो म्हणाला, "एक तापमापक बिघडलेला असेल." आणि त्याने स्वतःहून अदलाबदल केली, आतला बाहेर, बाहेरचा आत. श्रोतेहो, ही अदलाबदल मी त्याला शिकवली नव्हती. आपल्या उपकरणावर शंका घेणं आणि ती शंका तपासून पाहणं, हे विज्ञान त्या सातवीतल्या पोराने माझ्यासमोर केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन्ही सारखेच, सव्वीसच्या आसपास.

स्वेटर हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने तो अंगात चढवला, तापमापक पोटाशी, सदऱ्याच्या आणि स्वेटरच्या मध्ये सरकवला आणि हात बांधून बसून राहिला. दहा मिनिटांनी काढला. बत्तीस अंश! तापमापकाकडे बघता बघता त्याचा चेहरा बदलत गेला, तो मला अजून दिसतो. तो हळूच म्हणाला, "सर, रात्री स्वेटरमध्ये मी नव्हतो."

रात्री स्वेटरमध्ये मी नव्हतो! उष्णतेच्या धड्याचं सार याहून नेमक्या शब्दांत मी कुठे वाचलेलं नाही. स्वेटर ऊब तयार करत नाही. ऊब तुमची असते, तुम्ही खाल्लेल्या अन्नातून शरीर ती तयार करतं. स्वेटर तिला फक्त लवकर जाऊ देत नाही. आत बर्फ असेल, तर तोच स्वेटर बाहेरची उष्णता बर्फापर्यंत लवकर पोचू देत नाही. काम एकच, अडवण्याचं. आणि हे अडवण्याचं काम लोकरीपेक्षा लोकरीच्या धाग्यांत अडकलेली, हलू न शकणारी हवा जास्त करते. एका जाड कपड्याऐवजी दोन पातळ कपडे एकावर एक घातले की मधल्या हवेचा एक थर आपल्याला फुकट मिळतो.

हे सगळं पस्तीस मिनिटांच्या तासिकेत बसत नाही, हेही बोलायलाच हवं. बर्फ घंटेच्या वेळापत्रकाप्रमाणे वितळत नाही. प्रयोगाच्या विषयांना लागोपाठ दोन तासिका मिळायला हव्यात, असं मी प्रत्येक बैठकीत सांगत आलो आणि आजही सांगतो. फळ्यावर आकृती काढून 'निरीक्षण' लिहून देणं म्हणजे मुलांच्या हातातलं निरीक्षण काढून घेणं आहे.

असो. आता हात लावून बघायची गोष्ट. तुम्ही जिथे बसला आहात तिथे जवळ एखादी लोखंडी वस्तू असेल, एखादी लाकडी असेल. दोन्हींना हात लावा. लोखंड गार लागेल, लाकूड तितकं नाही. पण दोन्ही त्याच खोलीत कालपासून पडून आहेत, दोन्हींचं तापमान एकच आहे. लोखंड तुमच्या तळहातातली उष्णता लाकडापेक्षा शेकडो पटींनी सहज वाहून नेतं, म्हणून गार लागतं. म्हणजे आपली कातडी तापमान मोजत नाही, उष्णता किती झपाट्याने जाते किंवा येते ते सांगते. पुन्हा एकदा: कातडी तापमान मोजत नाही. म्हणून तर तापमापक लागतो. स्वीडनच्या अँडर्स सेल्सियसने 1742 मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठत्या पाण्याला शंभर धरलं होतं. गारठा वाढेल तसा आकडा वाढायचा! ती पुढे लवकरच उलटी केली गेली.

पंख्याचंही असंच. पंखा खोली गार करत नाही, उलट त्याची मोटर खोलीत थोडी उष्णताच टाकते. अंगावरचा घाम वाऱ्याने लवकर सुकतो आणि सुकताना आपली उष्णता घेऊन जातो, म्हणून आपल्याला गार वाटतं. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून कुणाचंही भलं होत नाही.

घामाचं नाव निघालं, म्हणून सुप्त उष्णतेबद्दल दोन शब्द. सुप्त, म्हणजे झोपलेली. काय सुरेख शब्द आहे! मराठीत विज्ञान रुक्ष होतं म्हणणाऱ्यांनी हा शब्द एकदा सावकाश उच्चारून बघावा. 1760 च्या सुमाराला ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक या अध्यापकाच्या लक्षात आलं की वितळणाऱ्या बर्फाला उष्णता देत राहिलं तरी त्याचं तापमान वाढत नाही. मग ती उष्णता जाते कुठे? बर्फाचं पाणी करण्यात खर्च होते. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला सुमारे 80 कॅलरी लागतात, आणि तेवढ्याच उष्णतेत ते पाणी पुढे 80 अंशांपर्यंत तापवता येतं. ब्लॅकचा युक्तिवाद मला फार आवडतो. तो म्हणायचा, बर्फ वितळायला जराशीच उष्णता पुरली असती, तर हवा थोडी तापताच डोंगरावरचं सगळं बर्फ एकदम पाणी होऊन खाली आलं असतं आणि महापुराने सगळं धुऊन नेलं असतं.

वाफेची झोपलेली उष्णता तर याहून कितीतरी मोठी, ग्रॅमला सुमारे 540 कॅलरी. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त भाजतो तो यामुळेच, कारण वाफ कातडीवर आली की तिचं पाणी होतं आणि ही सगळी उष्णता तिथेच सोडते. झाकण उघडताना ते आपल्यापासून दूरच्या बाजूने उचला. मुलांनाही तसंच दाखवा.

त्या मुलाने जाता जाता आणखी एक प्रश्न विचारला होता. "सर, गरमीला शेवट नाही, मग थंडीला आहे का?" आहे. उष्णता काढून घेत गेलं तर शेवटी काढायला काही उरत नाही, ती जागा उणे 273.15 अंशांवर आहे. तिच्याखाली जाता येत नाही. वरच्या बाजूला मात्र सूर्याच्या पृष्ठभागावर साडेपाच हजार अंश आहेत आणि त्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी. हे ऐकून तो जिना अर्धा उतरला आणि परत वर आला. म्हणाला, "म्हणजे आपण सगळे तळाजवळच राहतो!"