आधी ऐकायचं

(कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या. मग आतली अंधारी खोली, सेटच्या डायलचा उजेड.)

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं एक गाव, जूनचा पहिला आठवडा. खरं तर आम्ही आलो होतो अँटेनाचं शूटिंग करायला, दोन माडांच्या मधे ताणलेली ती लांब तार तुम्हाला आत्ता दिसली ना, तीच, पण पाऊस थांबेचना म्हणून सगळे या मागच्या खोलीत येऊन बसलो. चिऱ्याच्या भिंती आहेत, आधी इथे भाताची कणगी असायची. आता हॅम रेडिओ स्टेशन आहे.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, स्वतःची कॉल साईन, म्हणजे हवेतलं नाव, मिळते आणि मग हवेत बोलायचं. आजो 74 वर्षांचे आहेत, त्यांची कॉल साईन व्हीयू टू ने सुरू होते, व्हीयू म्हणजे भारतातला हॅम. बाजूला बसलीय ती त्यांची नात, 13 वर्षांची. 12 पूर्ण झाले की परीक्षेला बसता येतं, तिची तयारी चालू आहे, पण परवाना अजून हातात नाही म्हणून ती हवेत एक शब्द बोलत नाही. फक्त ऐकते.

आणि ऐकणं हाच या खोलीतला मोठा विषय आहे. हॅमला भेटलेला माणूस पहिलं विचारतो किती वॅट, मग अँटेना किती उंच. स्पीकर कुठला, हेडफोन कुठला, कानाला नेमकं काय येतं, हे कोणी विचारत नाही. मला हे फार खटकतं. लाखभराचा सेट घेतात आणि त्याच्या पोटातल्या छोट्याशा स्पीकरवर वर्षानुवर्षं ऐकत बसतात, तो पण वरच्या पत्र्याला असतो, म्हणजे आवाज जातो छपराकडे आणि माणूस बसतो समोर.

(आजो एकेक बटण बंद करतात.)

आता हे बघा, आणि कान देऊन ऐका. आधी एलईडी बल्ब बंद. मग मोबाईलचा चार्जर भिंतीतून उपटला. मग इन्व्हर्टर. प्रत्येक बटणाबरोबर खरखर उतरत जाते आणि मीटरचा काटा खाली येतो. स्पीकर बदलायच्या आधी हे करायचं असं आजो म्हणतात, कारण घरातलाच कचरा अँटेनात शिरत असेल तर भारीतला भारी हेडफोन तोच कचरा स्वच्छ ऐकवणार.

आता हा डबा. फणसाच्या लाकडाचा, आजोंनी स्वतः केलेला, आत चार इंची 8 ओहमचा स्पीकर आणि डब्यात आवाज घुमू नये म्हणून चारी बाजूंना काथ्या कोंबलेला. एसएसबीवर, म्हणजे हॅम लांबवर बोलायला वापरतात त्या पद्धतीत, माणसाचा आवाज साधारण 300 ते 2700 हर्ट्झमधेच येतो, त्याच्या खालचं वरचं सगळं सेट कापून टाकतो, त्यामुळे गाण्यासाठी घेतलेला धमधम बेसवाला स्पीकर इथे काही उपयोगाचा नाही, उलट बोलणं त्यात बुडतं. छोटा स्पीकर, बरोबर तोंडासमोर, हातभर अंतरावर, बास. एक सूचना मात्र आजो दोनदा सांगतात, कॅमेऱ्याकडे बघून. गाडीत लावायच्या काही सेटमधे स्पीकरची एकही वायर ग्राउंडला नसते, तिथे सवयीने एक वायर बॉडीला जोडली तर आतला ऑडिओ अँप्लिफायर जातो. आधी मॅन्युअल उघडा.

(सोल्डरिंग. नातीचा हात जवळून.)

हे दृश्य मी कापलं नाही, पूर्ण ठेवलंय, कारण मला या अख्ख्या शूटिंगमधे हेच सगळ्यात आवडतं. कॉम्प्युटरचा साधा हेडसेट आहे, हिरवी पिन ऐकायची, गुलाबी पिन माईकची. हिरवीचं काम सोपं, सेटच्या हेडफोन जॅकमधे घातली की झालं. पण ती चुकून मागच्या स्पीकरच्या जॅकमधे गेली तर एकाच कानात आवाज येतो, कारण तो जॅक बहुतेक मोनो असतो. नातीला वाटलेलं हेडसेटच बिघडला. आजोंनी काही न बोलता पिन काढून पुढे घातली.

गुलाबी पिनला मात्र खरं काम आहे. या माईकच्या आत इलेक्ट्रेट असतो, त्याला थोडी वीज लागते, नाहीतर तो मुका. कॉम्प्युटर ती वीज देतो. सेटच्या आठ पिनच्या गोल सॉकेटमधे पण एका पिनवर व्होल्टेज असतं, तिथून काही किलोओहमचा रेझिस्टर घालून माईकला पोचवायचं आणि माईककडून आवाज सेटमधे जाताना मधे एक कपॅसिटर, म्हणजे आवाज पुढे जातो आणि डीसी अडतो. एवढंच सर्किट, आगपेटीत मावेल. पण एक गोष्ट, हा गोल प्लग वेगवेगळ्या कंपन्यांच्या सेटला सारखाच बसतो आणि आतली पिनांची जुळणी प्रत्येकाची वेगळी. बसला म्हणून जोडला असं करायचं नाही. बघा, ती प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासते, वहीत लिहिते, मगच सोल्डर लावते. आजो मागे हात बांधून उभे आहेत. "घाई नाही गो बाय," एवढंच म्हणाले, ते पण रेकॉर्डिंगमधे नीट आलेलं नाही.

टेस्ट हवेत केली नाही. अँटेना काढून 50 ओहमचा डमी लोड लावला, तो सेटची ताकद स्वतःच जिरवतो, हवेत काही जात नाही, आजो बोलले आणि मॉनिटर लावून स्वतःचाच आवाज ऐकला. माईक तोंडापासून दोन बोटं लांब आणि थोडा कडेला, म्हणजे प आणि फ चा फुत्कार सरळ त्यावर जात नाही. मग एएलसीचा काटा, म्हणजे आवाज जास्त झाला की दाखवणारा मीटर, आपल्या हद्दीत राहील इतकाच माईक गेन, म्हणजे माईकचा आवाज वाढवायचं बटण. लोक हा गेन वाढवतात, वाटतं लांब पोचेल, आणि पोचतो फाटलेला आवाज.

पुढचा प्रॉब्लेम खरी अँटेना लावल्यावर आला. बोलायला लागलं की आवाजात गुरगुर, पलीकडचा स्टेशनवाला सांगतो तुमच्या ऑडिओत आरएफ येतोय, म्हणजे आपल्याच रेडिओ लहरी माईकच्या वायरीत शिरतायत. तारेचं एक टोक खोलीच्या इतकं जवळ आहे की हेडसेटची वायर पण अँटेनासारखीच वागायला लागली. उपाय तुमच्यासमोर आहे, फेराईटची काळी रिंग आणि त्यातून वायरचे सात वेढे. गुरगुर गेली. आणि व्हॉक्स, म्हणजे आवाज झाला की आपोआप ट्रान्समिट, ते पावसाळ्यात बंदच. बाहेरच्या पत्र्यावर सर आली की सेट स्वतःच बोलायला लागतो. त्याऐवजी पायाशी फूट स्विच आहे.

(फळीवरचा जुना व्हॉल्व्ह रेडिओ. कॅमेरा हळू सरकतो.)

हा रेडिओ आता वाजत नाही. आजोंच्या वडिलांचा, बॅटरीवर चालणारा. 1955 ते 1961 गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य असताना हद्दीपलीकडच्या रानातून, आधी आंबोलीकडून आणि नंतर कॅसलरॉकहून, एक गुप्त रेडिओ केंद्र चालायचं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोघं ते चालवायची, कोकणी आणि पोर्तुगीजमधून मुक्तीच्या बातम्या द्यायची. गोवा मोकळा झाला तेव्हा दोघांनी विमानातून लाऊडस्पीकरवर ती बातमी खाली ऐकवली. लिबियाबाईंना 2025 मधे पद्मश्री मिळाली. बोलणाऱ्यांची नावं इतिहासात आली ते योग्यच आहे, पण इकडे गावात दार लावून, आवाज बारीक करून, रेडिओला कान चिकटवून बसलेली माणसंही होती. आजोंचे वडील त्यातले. आजो तेव्हा लहान होते, त्यांना आठवतं ते एवढंच की त्या वेळी घरात कोणी भांडं वाजवायचं नाही.

2021 च्या मे मधे तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, झाडं आणि विजेचे खांब पडले, बऱ्याच गावांत अंधार झाला. अशा वेळी बॅटरीवरचा सेट आणि हेडफोन कामाला येतो. त्याचं चित्रण आमच्याकडे नाही.

(दुपार. ढगांचा गडगडाट. आजो अँटेनाची कोअॅक्स केबल काढून खिडकीबाहेर टाकतात.)

वीज जवळ आली की सगळं बंद, केबल बाहेर, यात चर्चा नाही. तासभर नुसते बसलो. चहा झाला.

(संध्याकाळ. केबल परत जोडलेली.)

आता 40 मीटरचा बँड, 7 मेगाहर्ट्झच्या थोडं वर. लांबच्या विजांचे तडाखे अजून येतायत, याला हॅमच्या भाषेत क्यूआरएन म्हणतात. आजो आरएफ गेन, म्हणजे सेट किती बारीक ऐकतो ते बटण, खाली आणतात, म्हणजे तडाखा कानावर आदळत नाही. एका जॅकला दोन फाटे केलेत, एक हेडफोन त्यांच्या कानाला, दुसरा नातीच्या.

इथून पुढे जो आवाज आहे तो थेट त्याच जॅकमधून घेतलाय, आम्ही काही साफ केलेलं नाही. हेडफोन असेल तर लावा.

(खरखर. तडाखा. खरखर. अगदी मागे एक बाईचा आवाज, तुटक.)

आजो मान हलवतात, नाही म्हणून. वयामुळे वरच्या पट्टीतला आवाज त्यांना कमी येतो, हे त्यांनी सकाळीच सांगितलेलं. डायलला हात जातो, पुढे सरकायला.

नात त्यांच्या मनगटावर हात ठेवते.

(खरखर. तोच आवाज, थोडा वर.)

तिने पेन्सिल घेतली. व्ही. यू. थ्री. मग थांबली. पुढची अक्षरं यायला अजून दोन तडाखे गेले. मग वही आजोंकडे सरकवली आणि त्यांनी पाय फूट स्विचवर ठेवला.