संप नाही हो, सगळे एकदम आजारी आहेत!

सप्टेंबर २००९. जेट एअरवेजचे शेकडो वैमानिक एकाच दिवशी आजारी पडले. साथ वगैरे काही नव्हती. युनियन काढणाऱ्या दोघांना कंपनीनं काढून टाकलं होतं, आणि संप करायला मुंबई उच्च न्यायालयाची मनाई होती. मग काय, सगळ्यांनी सिक लीव्ह टाकली. पाचेक दिवसांत कंपनी समझोत्याला आली.

विमान कंपनीतच ही युक्ती एवढी का चालते? बस ड्रायव्हरला साहेब म्हणेल, ‘गोळी घे आणि गाडी काढ.’ वैमानिक ‘बरं नाही’ म्हणाला, की त्याला कॉकपिटमध्ये बसवायची कुणाची छाती नाही. तब्येत ठीक नसेल तर उडायचं नाही, हा नियमच आहे.

आणि सरळ संप? नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात विमानसेवा म्हणजे लोकोपयोगी सेवा होती. नोटीस द्या, १४ दिवस थांबा. तेवढ्यात कामगार आयुक्तांकडे समेटाची बोलणी सुरू झाली, की ती संपून वर ७ दिवस होईपर्यंत संप बेकायदा! शिक्षा होती एक महिन्यापर्यंत कैद किंवा ५० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हो, पन्नासच. खरी भीती नोकरी जायची.

मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूनं तेच केलं. कंपनीनं पंचवीसेक जणांना काढलं. मग दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली आणि त्यांना परत घेतलं.

मालकाकडे टाळेबंदी असते, म्हणजे कामगारांना कामावर येऊच न देणं. ऑस्ट्रेलियात क्वांटासनं २९ ऑक्टोबर २०११ ला टाळेबंदी जाहीर केली आणि सगळी विमानं लगेच जमिनीवर उभी केली. ३१ तारखेच्या पहाटे तिथल्या न्यायाधिकरणानं टाळेबंदीबरोबर युनियनची आंदोलनंही थांबवली. कंपनीला हवं ते मिळालं. माझ्या मते प्रवाशांना ओलीस धरून.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी सीएल, म्हणजे कॅज्युअल लीव्ह (किरकोळ रजा) टाकली, तर तो संपच. बेकायदा ठरला तर दंड १,००० ते १०,००० रुपये, कैदही होऊ शकते. पण कायद्यात लिहिलंय कॅज्युअल लीव्ह. सिक लीव्ह त्यात मोडते का? पुढच्या वेळी अर्धा क्रू आजारी पडला, की दोन्हीकडचे वकील यावरच भांडणार.