काँगचा कोरडा कालवा

श्रोतेहो, नमस्कार. आज आपण आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यातल्या एका लहानशा गावी जाऊ या. गावाचं नाव काँग. उत्तरेला मास्क नावाचं मोठं सरोवर, दक्षिणेला कॉरिब नावाचं त्याहून मोठं सरोवर, आणि दोन्हींच्या मधल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर हे गाव वसलं आहे. आयरिश भाषेतल्या ‘चिंचोळी जागा’ या अर्थाच्या शब्दावरूनच त्याला हे नाव पडलं. यावरून आठवलं म्हणून सांगते. तुमच्या गावाच्या नावाचा अर्थ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा, आणि वहीत लिहून ठेवा. ओढा बुजतो, झाड पडतं, नाव तेवढं उरतं. ते का पडलं हे सांगणारं मग कुणी राहत नाही.

तर काँग. मास्क सरोवर उंचावर आहे, कॉरिब खाली आहे. मग मास्कचं पाणी कॉरिबला जातं कुठून? जमिनीखालून! मास्कच्या काठाशी ते गडप होतं आणि काँग गावाशी झऱ्यांतून उसळून पुन्हा वर येतं. तिथला खडक चुनखडीचा. आपल्या गडांवर काळ्या पाषाणात खोदलेली टाकी पाहा, भर उन्हाळ्यात त्यांत पाणी असतं. चुनखडीचं तसं नाही. पावसाचं पाणी तिला वर्षानुवर्षं विरघळवतं. फटीचं भोक होतं, भोकाचं भुयार होतं. वरून दगड घट्ट दिसतो, आतून त्याची चाळण झालेली असते. हे लक्षात ठेवा, श्रोतेहो. वरून घट्ट, आतून चाळण.

आता मला फार जवळची वाटणारी गोष्ट.

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. शेतात उभं पीक काळं पडून सडलं. गरिबाच्या घरी सकाळ-संध्याकाळ बटाटाच शिजायचा, दुसरं काही नव्हतंच. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापाच्या साथींनी गेली, आणि त्याहूनही जास्त माणसं जहाजांत बसून परदेशी गेली. मेयो परगण्याची दशा तर फारच वाईट झाली. अशा दिवसांत, १८४८ साली, काँगला कालव्याचं काम निघालं. दुष्काळी काम म्हणजे काय, हे १९७२ पाहिलेल्यांना सांगायला नको. खडी, घमेली, आणि संध्याकाळच्या मजुरीकडे लागलेले डोळे.

बेत मोठा होता. मास्कपासून कॉरिबपर्यंत साधारण पाच किलोमीटरचा कालवा खोदायचा आणि त्यातून मालाच्या नावा न्यायच्या. उंचीचा फरक होता, म्हणून वाटेत दगडी हौद बांधायचे. हौदात पाणी भरलं की नाव वर चढते, सोडलं की खाली उतरते. अर्धपोटी माणसांनी खडक फोडला. त्या हौदांचे घडीव दगड असे बसवले, की आजही बांधकाम ताठ उभं आहे.

आणि पाणी? पाणी त्या कालव्यात ठरेना. खाली चुनखडी! वरून घट्ट, आतून चाळण. फुटक्या माठात पाणी ओतावं तसं ते तळातून निघून जाई.

लोक ही गोष्ट अशी सांगतात, की उद्घाटनाला गाव जमला, पाणी सोडलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते जमिनीत गडप झालं. ऐकायला छान आहे, पण खरी गोष्ट याहून साधी आहे आणि मला जास्त लागते. १८५१ मध्ये जवळच्या गॉलवे शहरापर्यंत रेल्वे आली, त्यामुळे नावांची गरज कमी झाली. खर्च वाढत होता, तळ गळका होता. १८५४ साली वरून हुकूम आला, की नावांसाठीचं काम थांबवा. सहा वर्षांच्या कष्टांवर एक नावही चालली नाही. आता हिवाळ्यात मास्क भरलं की त्या चरातून पाणी वाहतं, आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. लोक त्याला ‘कोरडा कालवा’च म्हणतात. त्या माणसांना मजुरी द्यायलाच हवी होती, यात मला शंका नाही. पण तिथल्या म्हाताऱ्यांना पाणी कुठं बुडतं ते ठाऊक असणारच. कुदळ मारण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

वेळ थोडा उरला आहे. काँगहून जवळच मास्कच्या काठी कॅप्टन बॉयकॉट राहायचा, एका जमीनदाराचा कारभारी. १८८० मध्ये जमिनीच्या खंडावरून झालेल्या भांडणात गावकऱ्यांनी त्याचं काम बंद केलं, दुकानदारांनी माल बंद केला, आणि त्याचं आडनाव जगभर शब्द झालं. टिळकांच्या चतुःसूत्रीतल्या ‘बहिष्कारा’ला इंग्रजीत तोच शब्द आहे.

आणि गावातला मठ. आयर्लंडचा शेवटचा महाराजा रोरी ओकॉनर याच मठात अखेरची वर्षं राहिला आणि ११९८ मध्ये वारला. त्याच्या वडिलांनी ११२३ च्या सुमारास घडवून घेतलेला सुंदर क्रूस इथं होता, तो आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मठामागं नदीत एक छोटी दगडी खोली अजून उभी आहे. तिच्या जमिनीला भोक आहे, खालून नदी वाहते. भिक्षू त्या भोकातून जाळं सोडायचे. असं सांगतात, की जाळ्यापासून मठाच्या स्वयंपाकघरापर्यंत दोरी होती आणि दोरीला घंटा. मासा सापडला की घंटा वाजायची, आणि आत कुणीतरी चुलीवर भांडं चढवायचं.

नमस्कार.